भटूच्या पिकअपमधला ढोल

श्रावणातल्या त्या सोमवारी सकाळी भटूला चहासुद्धा गोड लागेना. घरात खानदेशची कानबाई माता बसलेली, नैवेद्याच्या रोटांचा वास अजून ओसरीत दरवळत होता, आणि तासाभरात मातेला गोमाई नदीवर पोचवायला लोणखेड्यातली सारी गल्ली निघणार होती. पुढे भटूची पिकअप. एरवी ती पपई वाहते. आज तिच्या हौद्यात ढोलाचा दणका देणारे दोन बारा इंची वूफर होते, नवेकोरे, प्लायवूडच्या पेट्यांत.

हौस कुणाला नसते? पण भटूची गोष्ट निराळी. त्याची आई कौसाबाई गल्लीची गाणारीण. कानबाईचं गाणं तिनं उचलायचं, मग बाकीच्यांनी धरायचं. दोन वर्षांमागे ताप आला तो तिचे कान घेऊन गेला. गेल्या साली मिरवणुकीत ठेका पुढे निघून गेला आणि ही एकटीच मागची ओळ गात राहिली. बायका तोंडाला पदर लावून हसल्या.  तेव्हापासून कौसाबाईचं गाणं बंद झालं.

मग उन्हाळ्यात पुरुषोत्तमनगरच्या रस्त्यावर एका वरातीत त्यांची गाडी अडकली. शेजारी डीजेची गाडी दणदणत होती. कौसाबाईनं एकदम छातीवर हात ठेवला. "भटू! ढोल वाजी ऱ्हायना रे!"

ढोल वाजतोय हे तिनं कानांनी नाही, अंगानं ऐकलं होतं. त्या दिवसापासून भटूनं मनाशी धरलं, की मातेच्या मिरवणुकीत आपल्या आईला ढोल ऐकवायचाच.

शहाद्याचा नवनीत गाड्यांना साउंड बसवून देतो. त्यानं भटूचे जुने स्पीकर ऐकले आणि हसला. "भाऊ, हाई तं चिमणी बोली ऱ्हायनी! ढोलाचा घुमणारा बास पाहिजे तर मोठा अ‍ॅम्प्लिफायर टाक, अन करंट थेट बॅटरीवरून घे." तेवढं त्यानं बसवून दिलं. पेट्या मात्र सुताराकडून रविवारी आल्या, तोवर नवनीत सासुरवाडीला पोचला होता. "वायर जोडनं माले काय नवं शे?" म्हणत भटूनं बोअरच्या मोटरची उरलेली केबल कापली आणि दोन्ही पेट्या जोडून टाकल्या.

आणि आज सनई-ढोलाचं रेकॉर्डिंग लावलं, तर सनई खणखणीत, पण ढोल रिकामा डबा वाजवावा तसा!

"भटूभाऊ, ढोल घरीच ऱ्हायना का?" शेजारच्या मोतीबाईनं विचारलं, आणि जमलेल्या बायका खुदखुदल्या.

भटूनं आईचा तळहात पेटीवर ठेवला. कौसाबाई डोळे मिटून थांबली. मग हळूच हात काढून घेतला. "ऱ्हाऊ दे, बेटा."

 भटूनं फोन लावला, नवनीत उचलेना. तिकडे आरती सुरू झालेली. भटूनं एक पेटी काढून पाहिली, तर उरलेली एकटी धम्म वाजली! दुसरी एकटी लावली, तीही धम्म! दोन्ही जोडल्या, की फुस्स.

"एकटी-एकटी झकास, अन दोन्ही जमल्यात की मुक्या! सासू-सुना शेतस का या?" भटू वैतागला.

"सासू-सुनले मझार आनू नका," त्याची बायको शीला आरतीचं ताट घेऊन दारात उभी होती. शेतावरची मोटर तीच चालू-बंद करते. "बोअरनी मोटर उलटी फिरनी तं काय करतस तुम्ही?"

"दोन वायरी बदलतस."

"मंग?"

भटू खाली वाकला. मोटरच्या केबलला रंग तीन, पेटीला खुंट्या दोन, लाल आणि काळी. एका पेटीच्या लाल खुंटीला त्यानं पिवळी वायर लावली होती, दुसरीच्या लालला निळी. म्हणजे एक पेटी हवा ढकलत होती, तेव्हाच दुसरी ओढत होती! दोघींची ताकद आपसातच जिरत होती.

"कानबाई माय, तूच बोलाले लावं इले!" म्हणत त्यानं एकाच पेटीच्या दोन वायरींची अदलाबदल केली आणि बटण दाबलं.

धम्म!

लिंबावरची पाखरं भुर्रकन उडाली. पेटीवर वाहिलेल्या झेंडूच्या पाकळ्या नाचायला लागल्या. मोतीबाईच्या हातातली थाळी थरथरली, आणि पोरीबाळी आपोआप फुगडीला भिडल्या. भटूनं आईला हौद्यात खुर्चीवर बसवलं, तिचा हात पेटीवर टेकवला. कौसाबाईच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि वर्षभर मिटलेला तो खडा आवाज ठेक्यावर अचूक उठला.  मग साऱ्या बायकांनी तिच्यामागे गाणं धरलं.

शीलानं मातेला डोक्यावर घेतलं. पिकअप पहिल्या गिअरमध्ये निघाली. नदीच्या उतारावर बायकांना जोर चढला, फुगड्यांच्या नादात गाणं पुढे पळालं. त्यांचे ओठ ठेक्याच्या पुढे चाललेले पाहून कौसाबाईनं पेटीवर थाप मारली.

"अव, घाई कसाले करतस? ठेका चुकी ऱ्हायनात तुम्ही! परत पह्यलेथून!"

मोतीबाईनं जीभ चावली. भटूनं हसत ब्रेक दाबला. गाणं पुरं होईस्तोवर गाडी, गल्ली, सारं उतारावरच थांबलं.