‘आवश्यक नाही’ असं मी लिहिलं

धानाची रोवणी संपत आली होती. दुपारचं जेवण आटोपून मी ओसरीवर पान लावत बसलो होतो, तेवढ्यात फाटकाशी एक माणूस येऊन उभा राहिला. पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेले, खांद्यावर दुपट्टा, हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी. ओळखायला मला वेळच लागला. तो धोंडू होता, आमच्या सोमाजीचा जावई. "बाबूजी, मामाजी गेले," तो उभ्याउभ्याच म्हणाला. "परवा. हा गडवा तुमालेच देजो म्हनत होते." फडकं सोडलं तर आत पितळी गडवा, पाणी प्यायचा लहानसा तांब्या, काठाला पोचा आलेला, बुडाशी झिजलेला. मी तो हातात घेतला आणि धोंडूला ‘बस’ म्हणायचंही मला सुचलं नाही. आमच्या हिनंच त्याला पाणी दिलं, विचारपूस केली, दोन घास खायला घातले. याला आता पाच आठवडे होतील. गडवा खिडकीत ठेवलाय. त्यातून घोटभर पाणी प्यायची माझी अजून छाती झालेली नाही.

खरं तर मी लिहिणाऱ्यातला माणूस नव्हे. आयुष्यभर लिहिलं ते कचेरीत, आणि त्यातलं एक टिपण लिहिलं नसतं तर बरं झालं असतं, असं वाटणाऱ्यातला आहे. पण मध्यंतरी याच वर्तमानपत्राच्या रविवारच्या अंकात एक वाद रंगला होता. राज्य आता आपलं येणार, तेव्हा गोंदियासारख्या परमुलखाच्या लोकांनी भरलेल्या गावात नोकरदाराला कोणती भाषा यायला हवी, मराठी का हिंदी? दोन्हीकडचे विद्वान तावातावानं भांडत होते. मी वाचत होतो आणि मनातल्या मनात म्हणत होतो, अरे बाबांनो, तिसऱ्या-चौथ्या भाषेचं नावसुद्धा तुम्हाला सुचत नाही, आणि तिच्यापायी आमच्याकडे माणसं मेली... पण पत्र लिहायला काही बसलो नाही. तेव्हा सोमाजी जिवंत होता. त्यानं कोणाकडून तरी वाचून घेतलं असतं, आणि मग मी त्याला तोंड काय दाखवणार होतो?

सोमाजी मूळचा नवेगाव बांधचा. बाप ढीवर, तिथल्या तळ्याच्या बांधावर जाळं टाकणारा, आई गोंड. आईची गोंडी त्याच्या तोंडात दुधाबरोबर आली. गोंदियात तो आला तेव्हा इथे जंक्शन होऊन बरीच वर्षं झाली होती आणि गाव नुसतं फुगत चाललं होतं. धानाच्या गिरण्या, बिडीचे कारखाने, मालधक्का... गुजराती पेढीवाले, मारवाडी दुकानदार, तेलंगी फिटर, आणि पूर्वेकडून गाडी भरभरून येणारे छत्तीसगढी मजूर. या मजुरांत हमाली करता करता सोमाजी त्यांची बोली त्यांच्यासारखीच बोलायला लागला. आमच्या कचेरीकडे आरोग्याचं काम होतं. देवी टोचायच्या, विहिरीत औषध टाकायचं, साथ आली की वस्त्या फिरायच्या. त्या कामावर दुभाषी शिपाई म्हणून त्याला घेतलं. मी तिथला हेडक्लार्क. नागपूरकडचा, काळी टोपी आणि बटनांचा कोट घालणारा. हिंदी मला उत्तम येते, अशी माझी तेव्हा पक्की समजूत होती.

पहिल्यांदा त्याच्याबरोबर फिरतीवर गेलो तो दिवस मला लख्ख आठवतो. नवेगावच्या पलीकडचा जंगलातला टोला, पाच-दहा झोपड्यांचा, झाडाखाली बायका पोरं घेऊन बसलेल्या. देवी टोचल्यावर पुढे काय करायचं ते मी हिंदीत समजावून सांगितलं आणि शेवटी विचारलं, "समझे?" सगळ्या एका सुरात म्हणाल्या, "हव." मला वाटलं, झालं काम! सोमाजी मात्र हलेना. तो त्यांच्या भाषेत काहीतरी बोलला, मग एका बाईकडे बोट करून थांबला. ती गप्प. दुसरी गप्प. मग त्यानं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली, आणि अर्ध्या तासानं एकेक बाई त्याला परत सांगू लागली. मी उन्हात उभा. परत येताना मी चिडून म्हणालो, "हव म्हणाल्या होत्या ना त्या? मग वेळ काऊन घालवला?"

"बाबूजी, टोपीवाल्याले नाही म्हनाची इकडं पद्धतच नाही. पाऊस पडला का म्हना, हव. तुहा बाप मेला का म्हना, तरी हव. म्हून मी समजलं का असं कधी इचारतच नाही. मी म्हनतो, आता तू मले सांग."

ही त्याची कामाची रीत. दुसरी रीत गडव्याची. कोणतंही औषध असो, विहिरीचं पाणी असो, तो आधी सगळ्यांदेखत आपल्या गडव्यात घेई आणि पिऊन दाखवी. मग दुसऱ्याला. मला हे सगळं त्यानं शिकवलं होतं, माझ्या डोळ्यांदेखत करून दाखवलं होतं. तेव्हा मला माहीत नव्हतं, अशी सबब माझ्यापाशी नाही. खरं सांगू का? मला त्याचा राग येई. टोल्यावर गेलो की माणसं माझ्या कोटाला रामराम करत आणि बोलत त्याच्याशी. मधूनच हसत. मी हेडक्लार्क असून बावळटासारखा त्यांच्या तोंडाकडे बघत उभा राही.

पुढे वरून कागद आला. खर्च कमी करायचा आहे, एक जागा काढायची आहे. तरी दुभाषी शिपायाची जागा कामाला आवश्यक आहे काय, याचा खुलासा करावा. खुलासा करायचा मी. एवढा प्रामाणिकपणा केला, की लिहिण्याआधी स्वतः जाऊन पाहायचं ठरवलं. आमगावच्या अलीकडे मातीकाम करणाऱ्या मजुरांची वस्ती होती, निम्मे छत्तीसगढी, निम्मे जंगलपट्टीतले गोंड. सोमाजीला मुद्दाम नेलं नाही. मी हिंदीत विचारत गेलो, आणि ते ‘हव’ म्हणत गेले. सुकवारा नावाची एक बाई होती, कडेवर मूल, कपाळभर गोंदण. सगळ्यांत मोठ्यानं तीच म्हणत होती, "हव बाबू, हव." तिच्या त्या ‘हव’नं मी खूष झालो, कबूल करतो. दुसऱ्या दिवशी टिपण लिहिलं: येथील सर्व लोकांस हिंदी समजते. गोंडी वा छत्तीसगढी येणारा माणूस कामास आवश्यक नाही. खाली वळणदार सही.

सोमाजीला मीच सांगितलं. तो टेबलाशी उभा होता. "कायले काढलं बाबूजी? माह्या कामात खोट होती का?" एवढंच विचारलं त्यानं. मी म्हणालो, खोट नाही रे, वरचा हुकूम आहे. टिपण माझं आहे हे मी त्याला सांगितलं नाही. तो नवेगावला परत गेला आणि बापाचं जाळं त्यानं खांद्यावर घेतलं.

वर्ष उलटलं नाही तो त्याच आमगावच्या वस्तीत पटकी शिरली. आम्ही धावलो. वस्तीच्या विहिरीत लाल औषध टाकलं. पाणी लालजांभळं दिसू लागलं. मी स्वतः घसा फोडून सांगितलं, "यही पानी पियो. बोडी का पानी मत पियो. समझे?" ...आणि ते म्हणाले, हव! मी टोपी सारखी केली आणि बिऱ्हाडी जाऊन जेवलो. तिसऱ्या दिवशी बघतो तर विहिरीचा दोर कोरडा. साहेबाच्या माणसांनी विहिरीत काय कालवलं कोण जाणे, असं म्हणून अख्खी वस्ती बोडीचं, धानाकरता अडवलेल्या त्या लहानशा तळ्याचं पाणी पीत होती, जिथे रोग्यांचे कपडे धुतले जात होते. झोपडीझोपडीतून कण्हणं येत होतं. मी ओरडलो, एका म्हाताऱ्याच्या अंगावर धावूनसुद्धा गेलो. म्हातारा हात जोडून म्हणाला, "हव बाबू." त्या एका शब्दाचा मला धसका बसला. मग नवेगावला माणूस पाठवला.

सोमाजी आला दुसऱ्या दिवशी, तांबडं फुटता फुटता. तडक विहिरीवर गेला, पाणी शेंदलं, ते लाल पाणी गडव्यात ओतलं आणि वस्तीच्या मधोमध उभा राहून घटाघटा प्याला. मग एका म्हातारीपुढे गडवा धरला. "ले दाई, मैं पी डारेंव. अब तैं पी." तो तिथेच बसून राहिला, सगळ्यांना दिसेल असा. लोकांनी बघावं, हा मरतो का जगतो. मधूनमधून बोलत होता, इकडे छत्तीसगढीत, तिकडे गोंडीत. ऊन चढायच्या आत विहिरीवर बायकांची रांग लागली. एवढंच लागत होतं हो! एक गडवा आणि दोन शब्द. किती माणसं गेली ते कचेरीच्या कागदावर आहे. माझ्या डोळ्यांपुढे एकच येते. सुकवारा आदल्या दिवशीच गेली होती. तिचं पोर एका झोपडीच्या दाराशी बसून माती उकरत होतं.

तिथेच, बोडीच्या पाळीवर, मी सोमाजीला सांगितलं, टिपण मी लिहिलं होतं. तो म्हणाला, "मले ठावं होतं. सही दाखवली होती एकानं."

"मग बोलला काऊन नाहीस?"

"का बोलू बाबूजी? अन् कोन्त्या भाषेत बोलू?"

वाचकांना वाटेल, यानंतर तरी ह्या गृहस्थानं कचेरीत जाऊन आपली चूक लिहून दिली असेल. नाही दिली. साथ ओसरली, वरून शाबासकीचा कागद आला, माझ्या नावानं आला, आणि तो मी घेतला. आज लिहू, उद्या लिहू करता करता मी पेन्शनीत निघालो. ती जागा पुन्हा कधी भरली नाही. माझं टिपण अजूनही फायलीत असेल, आणि एखादा नवा हेडक्लार्क त्याचा आधार घेत असेल.

सोमाजी मात्र माझ्याकडे येत राहिला. गोंदियाच्या बाजाराला आला की पळसाच्या पानात बांधलेली मासळी आमच्या हिच्या हातात द्यायचा, ओसरीच्या पायरीवर बसायचा, पावसापाण्याचं बोलायचा. रागावला असता तर मी सुटलो असतो. एकदा त्याची मुलगी मथुरा बरोबर होती, लग्नाला आलेली. मी सहज विचारलं, हिला गोंडी येते का रे? सोमाजी हसला. "कायले शिकवू बाबूजी? कामाची नाही म्हन्ते कचेरी." टोमणा मारायचा त्याचा स्वभाव नव्हता. त्याला ते खरंच पटलं होतं, आणि हेच मला आजवर गिळवत नाही. भरल्या घरात तो ती भाषा एकटाच जाणणारा उरला. आई केव्हाच गेलेली, बायको ढीवराचीच, तिला येत नव्हती.

शेवटची भेट त्याच्या जाण्याआधी आठेक दिवसांची. मथुरेनं त्याला आमगावला आपल्या घरी आणून ठेवलं होतं. मी गेलो तेव्हा तो बाजेवर पडून होता, उशाशी हा गडवा. मथुरा रडकुंडीला आली होती. "बाबा कालपासून त्याइच्या आईच्या बोलीत बोलून राहिले, बाबूजी. आमाले काईच समजत नाही. पानी मांगून राहिले का काय, ते बी नाही समजत." मी बाजेशी बसलो, हात धरला. त्यानं डोळे उघडले, मला ओळखलं, आणि बोलायला लागला. गोंडीत. थांबून थांबून, पण बराच वेळ... काही तक्रार होती, का आठवण होती, का मला काही सोपवत होता, देव जाणे. मध्ये एकदा डोळे भरून आले त्याचे. मग तो थांबला आणि माझ्याकडे बघत राहिला. उत्तराची वाट बघणारा माणूस बघतो तसा.

मी काय करणार? मी म्हणालो, "हव, सोमाजी. हव."

त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात किंचित हसू आलं. मग अगदी हळू, आपल्या साध्या मराठीत तो म्हणाला, "मंग आता तुमी मले सांगा."

बराच वेळ वाट बघून त्यानं भिंतीकडे तोंड केलं.

गडवा खिडकीत आहे. ही रोज सकाळी तो घासते, विहिरीच्या पाण्यानं भरून ठेवते. संध्याकाळ झाली की मी उठतो आणि भरलेला गडवा परसात ओतून येतो.