आरशाचा बोल्ट

परवा गंज सोडवायच्या तेलाचा वास आला आणि मरोळचं ते गॅरेज आठवून माझं डोकं पुन्हा फिरलं. माझ्या स्पोर्ट्स बाइकच्या आरशाचा बोल्ट झिजला होता. "पहिल्यासारखा प्लास्टिकचाच लावा. गाडी पडली तर आधी तोच तुटायला हवा, म्हणजे पुढचं कव्हर वाचतं," मी मेकॅनिकला बजावलं. तो माझ्या नवऱ्याकडे बघून म्हणाला, "लोखंडी टाकतो साहेब, मॅडमना काय कळतंय यातलं!" नवरा नुसता हसला. आठवड्याभरात मालाडला उभी गाडी कलंडली. बोल्ट शाबूत राहिला, पुढचं अख्खं कव्हर मात्र फुटलं. "जाऊ दे गं, होतं असं," नवरा म्हणाला. आता बोल्ट मीच बदलते. त्या मेकॅनिकला केव्हाच माफ केलं. नवऱ्याला करणं अजून जमलेलं नाही.