काकूंच्या लॅपटॉपवरची सोपी लिनक्स

ड्रॉवरमध्ये जुनं वायफायचं डोंगल सापडलं आणि वरूडच्या शेजारच्या काकू आठवल्या. नवशिक्यांना सोपी म्हणून अकोल्याहून सीडीवर आणलेली लिनक्स मी विंडोजऐवजी त्यांच्या लॅपटॉपवर टाकली होती. गावातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात नेटची वायर लावून पाहिली, तेव्हा नेट झकास चाललं. काकूंच्या घरी मात्र लिनक्सला हे डोंगल ओळखूच येईना. डोंगल चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, नेटवरून घ्या म्हणे, आणि ड्रायव्हरशिवाय नेटच नाही! तिकडे परदेशात काकूंची लेक व्हिडिओ कॉलसाठी तान्हं बाळ कॅमेऱ्यासमोर धरून बसली असणार. संत्री सोललेले हात पुसून, पदर सारखा करून काकू पडद्यासमोर बसल्या होत्या. "मले नाई दिसत तं जाऊ दे," त्या म्हणाल्या, "पन मी तरी तिले दिसून राहिली काय?" आजही व्हिडिओ कॉलवर कुणी ‘दिसतोय का मी?’ विचारलं, की मला चटकन हो म्हणवत नाही.