डाळिंब छापाची जप्ती

चार वकील चहाला बसले की खून-दरोड्यांच्या गोष्टी निघतात. माझ्याकडे मात्र साठलेत ते दंतमंजनाचे किस्से! संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या दिवसांत मी गिरगावात तात्या वकिलांकडे ज्युनियर होतो. वकिलीतलं जे काही येतं ते त्या माणसाची कृपा.

आमची अशील राधाबाई, लालबागच्या चाळीतली, मूळची मालवणकडची. नवरा गेल्यावर तिने ‘डाळिंब छाप’ दंतमंजन काढलं, छाप रीतसर नोंदवला. चाळीतल्या आणखी पाच-सहा बायकांची चूल त्यावर पेटायची. परळच्या एका दुकानदाराने हुबेहूब तसाच डबा काढला आणि आत भरली विटेची पूड! तोंडं सोलली लोकांची, शिव्या राधाबाईला. काम बंद पडायची वेळ आली.

मी म्हटलं, खटला भरू, त्याला शिक्षा होईल.

तात्या म्हणाले, “शिक्षा होईल तेव्हा होईल. तोवर ही बाई संपेल. आधी बाजारातला माल उचला.”

कोर्टाकडून झडतीचा हुकूम घेऊन आम्ही निघालो.

*

जप्तीला पंच लागतात. शेजारच्या चाळीतले, गिरणीतून रिटायर झालेले एक जॉबर हौसेने आले. दोन्ही डबे नुसते बघून सही करायची होती. यांनी नकली पूड घेतली आणि थेट हिरड्यांना चोळली! पुढचा सगळा पंचनामा त्यांनी हातवारे करून सांगितला.

हवालदाराने लिहिता लिहिता विचारलं, “साहेब, पंचांनी मुद्देमाल खाल्ला, हे पण टाकू काय?”

*

जप्त माल हातगाडीवर घालून, दुकानदारालाही बरोबर घेऊन चौकीकडे निघालो, तर समोरून मोर्चा. पोलिसांबरोबर चाललेत म्हणजे पकडलेले सत्याग्रहीच, असं लोकांना वाटलं. कोणीतरी दुकानदाराच्या गळ्यात हार घातला. तोही लबाड, हात जोडत चालायला लागला.

हवालदार वैतागला. “हार पण जप्त करू?”

“राहू दे,” तात्या म्हणाले. “तेवढाच एक खरा माल आहे त्याच्याकडे.”

*

कोर्टात दुकानदाराचा वकील म्हणाला, छाप खरवडून देतो, डबे परत द्या. तात्यांनी जागचे न हलता विनंती केली की वकीलसाहेबांनी त्यातल्या पुडीने इथेच दात घासून दाखवावेत. अर्ज मागे घेतला गेला. सगळा माल नष्ट करायचा हुकूम झाला, आणि बाजारात पुन्हा खरं डाळिंब दिसू लागलं. त्या बायकांचं काम टिकलं.

*

निकालानंतर एका सकाळी राधाबाई सगळ्या बायकांना घेऊन ऑफिसात आली. प्रत्येकीच्या हातात एकेक डबा. तात्यांनी तिच्याकडून फी घेतलीच नव्हती.

“साहेबानू, पैशे तुम्ही घेवक नाय,” ती म्हणाली. “ह्यां तरी घेवा. रोज लावा. शंभर वर्सां एक दात हलाचो नाय.”

तात्या उठून उभे राहिले. ओठ घट्ट मिटलेले, डोळे भरलेले. एक शब्द न बोलता त्यांनी एकेक डबा दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावला.

मी हळूच माझी टोपी काढली आणि टेबलावरच्या, त्यांची कवळी ठेवलेल्या पेल्यावर पालथी घातली.