ऑगस्टाबाईंचं नाक

केझिया टटलचे टाके वाकडे पडत, पण शिवणमंडळातली तिची खुर्ची पक्की होती. पत्रं वाचायची ती! बोस्टनहून संपादिका ऑगस्टाबाईंचं पत्र गावातल्या व्याख्यात्या लव्हिनियाबाईंना आलं, की गुरुवारी सगळ्या बायकांनी ते ऐकायचं आणि केझियाने थेट ऑगस्टाबाई होऊन वाचायचं. ऑगस्टाबाई भाषणाला एकदाच गावात आल्या होत्या. तेवढ्यात केझियाने त्यांची उंच मान आणि नाकातला आवाज उचलला होता.

रीत मात्र ठरलेली. जादा कागदाला टपालहशील जादा, म्हणून ऑगस्टाबाई भरलेलं पान फिरवून त्याच अक्षरांवरून आडवं लिहीत. सरळ ओळी मंडळात वाचायच्या. आडव्या फक्त मैत्रिणीसाठी, म्हणजे लव्हिनियाबाईंसाठी.

त्या गुरुवारी हशा असा पिकला, की पहिलं पान संपल्यावर दुसरं उचलायच्या ऐवजी केझियाने भरात तेच फिरवलं.

"लव्हिनिया, तू लिहिलंस ते खरं का गं? ती केझिया माझं पत्र सर्दी झालेल्या बदकासारखं वाचते? मग यापुढे पाद्रीणबाईंना वाचू दे..."

शेवटचे शब्द नाकातच अडकले. सुया थांबल्या. केझियाचे कान लाल, लव्हिनियाबाईंचे त्याहून लाल. चहाडी त्यांचीच ना!

"मी आपलं कौतुकानं लिहिलं होतं गं."

"हो तर. बदक म्हणजे केवढं कौतुक!" केझियाने खुर्ची सोडली.

पाद्रीणबाईंचा हात आधीच पुढे आला होता. "आण इकडे. पत्र कसं, गंभीरपणे वाचावं."

दुसऱ्या पानावर एका न्यायाधीशांची टोपी वाऱ्याने उडून दुधाच्या घागरीत पडली होती. पाद्रीणबाईंनी ते असं वाचलं, की म्हाताऱ्या डॉर्कसने डोळे पुसले.

"बिचारे! पुरलं कुठे त्यांना?"

लव्हिनियाबाईंनी उठून पाद्रीणबाईंच्या हातून पत्र काढून घेतलं आणि केझियासमोर धरलं.

"वाच बाई तूच."

"ऑगस्टाबाई नको म्हणतात."

"ऑगस्टा बसलीय बोस्टनला. उत्तर मी लिहिणार आहे."

"काय लिहिणार? बदक बरं झालं म्हणून?"

"लिहीन, की बदक परवडलं, पण प्रेतयात्रा नको."

पाद्रीणबाईंनी सुईत दोरा ओवायला घेतला. तो काही केल्या जाईना.

केझिया खुर्चीत बसली. मान उंच केली, घसा खाकरला. "कुठवर आलो होतो?"

"न्यायाधीश अजून जिवंत आहेत, तिथवर," लव्हिनियाबाई म्हणाल्या. "आणि सरळ ओळीच हं, केझिया!"