मावसाजींची लाडकी उदाहरणं

मोडक्या वस्तूंवर माझ्या मावसाजींइतकं प्रेम करणारा माणूस अख्ख्या सिंदी रेल्वे गावात सापडणार नाही. हे माझ्या मावशीचे यजमान. घरीच इंग्रजीची शिकवणी घेतात. क्रियापदाचा थर्ड फॉर्म विशेषण कसा होतो, हे नुसतं फळ्यावर लिहिणं त्यांना पाप वाटे. आधी वस्तू मुलांच्या हातात, मग शब्द. त्यामुळे पाहुण्यांना ‘क्रॅक्ड कप’मधून चहा मिळे, ‘टोर्न अम्ब्रेला’ खुंटीवर मानाने लटके आणि करपलेली भाकर ‘बर्न्ट’ म्हणून वर्गात फिरून आल्यावरच गाईपुढे जाई. एकदा मावशीने गुपचूप छत्री शिवून आणली, तर हे दिवसभर फुगून बसले. “चांगल्या उदाहरनाचं वाटोळं केलं हिनं!”

मी तेव्हा चळवळीची पत्रकं लिहायचो. ‘पिचलेली जनता’, ‘नाडलेला कष्टकरी’ यांच्याशिवाय माझं पान हलत नसे. एक पत्रक वाचून ते म्हणाले, “हा नाडलेला मानूस कोन व्हय? त्याले भेटला काय तू?”

मी चिडून म्हणालो, “तुमी तरी कुठं सांगता मावसाजी, तुमच्या या वस्तू मोडल्या कोनी ते?”

त्यांनी हसून ‘क्रॅक्ड कप’ माझ्यापुढे सरकवला.

अंगणात उतरायची फुटकी पायरी तर त्यांची फार लाडकी. ‘ब्रोकन स्टेप’वर उभं राहून प्रत्येक मूल वाक्य म्हणे.

“अवो, मिस्तरीले बलवा,” मावशी म्हणायची, “मी पडीन एखांद्या दिवशी.”

“एवढा धडा होऊ दे, मंग बलवतो.”

धडा दरवर्षी यायचा.

गेल्या उन्हाळ्यात पाण्याची गुंडी घेऊन उतरताना मावशी तिथेच पडली. खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यात मी काही बोलायच्या आत मावसाजीच म्हणाले, “पोरायसाठी ठेवली होती रे मी ते पायरी. हिच्यासाठी काऊन नाई बांधली?” मी आयुष्यभर दोषी माणसाचं नाव मागत आलो होतो. त्याने स्वतःहून सांगितल्यावर त्याच्याशी काय बोलायचं, ते मला कुठल्याच पत्रकाने शिकवलं नव्हतं. शेवटी मावशीच पलंगावरून म्हणाली, “रडू नका आता. पोरं वाट पाहून राह्यली असतीन.”

ती घरी यायच्या आत पायरी बांधून झाली. आता मावसाजी सगळं फळ्यावर लिहूनच शिकवतात. मुलं जांभया देतात. संध्याकाळी मावशी काठी टेकत अंगणात निघते. पायरी पक्की आहे, भिऊ नका, असं रोज तीच त्यांना सांगते. तरी मावसाजी खडू ठेवून उठतात, तिच्याआधी खाली उतरतात आणि हात पुढे करून उभे राहतात.