मुक्कामी गाडीचा नंबर

कोसमटोल्याच्या रुखमाबाईला फुकट मिळालेली कुठलीही गोष्ट पचत नाही. रेशनचा तांदूळ आला की त्यातला मूठभर ती आधी पाण्यात टाकून बघते. गोळ्या वाटायला आलेल्या नर्सबाईला एकदा तिने सांगितलं होतं, "पयले तुमी खाऊन दाखवा." गाव हसतं, हसू दे. नवरा गेल्यावर दीड एकर धानाची बांधी आणि आईवेगळी नात मयुरी एकटीने सांभाळलेल्या बाईने डोळे मिटून विश्वास ठेवावा, असं सांगणारे आपण कोण?

एका बाबतीत मात्र गाव तिच्यावर अवलंबून होतं. पोंभुर्ण्याकडून संध्याकाळी येणारी शेवटची एसटी कोसमटोल्यातच मुक्कामाला थांबायची. ड्रायव्हर-कंडक्टर शाळेमागच्या खोलीत झोपायचे. खोलीची किल्ली रुखमाबाईकडे आणि त्यांचं वरण-भातही तिच्याकडेच. तीच गाडी सकाळी सहाला परत निघायची आणि तिच्यातूनच मयुरी कॉलेज गाठायची. त्यानंतरची गाडी थेट अकराला, तोवर कॉलेज सुटायची वेळ झालेली असायची.

आजवर गाडीला गावाच्या नावाची पाटी तेवढी असे. यंदा सगळ्या गाड्यांना नंबर द्यायचं वरून ठरलं आणि एका संध्याकाळी गाडी काचेवर ३४७ चिकटवून आली. जेवताना कंडक्टर सुनिलने तो नंबर मोठ्या हौसेने समजावून सांगितला.

"पयला आकडा रस्त्याचा, बाई. आगारातून निघनारे रस्ते मोजले, त्यात आपला तिसरा. दुसरा आकडा फाट्याचा, आपला चौथा फाटा. अन् शेवटचा गाडीच्या कामाचा. शून्य म्हंजे गावात मुक्काम. सात म्हंजे जाऊन त्याच राती परत."

वरणाच्या गंजात रुखमाबाईचा डाव तसाच राहिला. "मंग आपल्याले सात काऊन?"

सुनिलचा घास हातातच थांबला. "छापनाऱ्यानं चुकवलं असन. नवीन टाइमटेबल एक तारखेपासून हाय. तोवर दुरुस्त होऊन जाते."

छापणारा चुकला यावर रुखमाबाईचा काडीचा विश्वास बसला नाही. आपोआप काहीच चुकत नसतं, कोणीतरी चुकवतं. कोणी, ते शोधायला तिला फार वेळ लागला नाही. सरपंच देवाजी! त्याचा साळा शेजारच्या चिखलटोल्याचा, आणि तिथल्या लोकांचा मुक्कामी गाडीवर कधीचा डोळा. दुसऱ्या दिवशी बोअरिंगवर पाण्याला चार बाया जमलेल्या असताना देवाजी तिथून जात होता, तिने त्याला अडवलंच.

"देवाजीभाऊ, साळ्याले गाडी देऊन आले का तुमी?"

"काय बोलून राह्यली, बाई! मले नंबराचं ठाऊकबी नाई."

"चोर कधी म्हनते का, मी चोरी केली?"

बायांनी तोंडाला पदर लावले. देवाजीचा चेहरा काळवंडला. तो न बोलता निघून गेला आणि रुखमाबाईला त्याच्या न बोलण्यातच पुरावा सापडला. दोन दिवसांत ती गोष्ट घराघरात पोचली. तिसऱ्या दिवशी ती सहाच्या गाडीने मयुरीसोबत निघाली, मयुरीला कॉलेजजवळ उतरवलं आणि स्वतः पुढे आगारात गेली. देवाजीचं नाव कागदावर बघितल्याशिवाय परत यायचं नाही, असं ठरवूनच.

तिथल्या टाइमटेबल बघणाऱ्या रीता मॅडमने तिला खुर्ची दिली. तिने आधी ती हलवून बघितली, मग बसली. मॅडमने फाइल काढून पाहणीचा कागद वाचायला घेतला.

"कोसमटोला. मुक्कामाची सोय नाही. चालक-वाहक येथे राहत नाहीत व जेवत नाहीत. माहिती देणार, शाळेमागील घरातील वयस्क बाई. नाव सांगितले नाही. सही करण्यास नकार."

उन्हाळ्यात फटफटीवर आलेला तो पँटवाला रुखमाबाईला आठवला. ड्रायव्हर-कंडक्टर कुठी झोपते, त्यायले जेवाले कोन देते, असं खोदून खोदून विचारत होता. हा सुनिलची काही चूक पकडायला आला, असं समजून तिने त्याला उभ्या उभ्या वाटेला लावलं होतं. इथी कोनी राहत नाई, कोनी खात नाई, तू जा. आणि नंतर दिवसभर स्वतःच्या हुशारीवर खूश होती.

"हे बाई कोन? ओळखता काय तुमी?" मॅडमने विचारलं.

खोलीत गावातलं कोणी नव्हतं. नाई म्हटलं असतं तर गोष्ट तिथेच मिटली असती आणि देवाजी जन्मभर चोर राहिला असता. तसं म्हणायचा मोह तिला झाला, खोटं कशाला बोला. पण एक तारखेनंतर सकाळी सहाला दप्तर घेऊन उभी असलेली मयुरी तिच्या डोळ्यांपुढे आली.

"मीच व्हय," ती म्हणाली.

मॅडम हसली नाही. "मंग तसा अर्ज द्या, मावशी. चुकीचं सांगतलं म्हनून लिहा. सरपंचाची सही-शिक्का घेऊन एक तारखेच्या आत आना. शून्य भेटन."

अर्ज मॅडमनेच लिहिला. रुखमाबाईने तो तिच्याकडून दोनदा वाचून घेतला, मग बाहेर बाकड्यावर बसलेल्या एका अनोळखी प्रवाशाकडून एकदा. नंतर सही केली.

गावात उतरली ती घरी न जाता देवाजीच्या ओसरीवर. त्याने चष्मा लावून अर्ज मोठ्याने वाचला. आतून त्याची बायको दारात येऊन उभी राहिली.

"तीन दिवस झाले, बाई," देवाजी म्हणाला. "माह्या घरचेबी माह्याकडं वाकडं पाहून राह्यले."

"माह्यामुळं," ती म्हणाली. आयुष्यात इतकी लाज तिला कधी वाटली नव्हती.

देवाजीने सही केली, शिक्का मारला आणि खाली आणखी काही लिहायला लागला. रुखमाबाईची मान लगेच ताठ झाली. "ते काय लिहून राह्यले?"

त्याने वाचून दाखवलं. "या गाडीने आमची मुलगी मयुरी कॉलेजला जाते. तिचे शिक्षण थांबू देऊ नये."

त्याने कागद तिच्यापुढे धरला. नेहमीची रुखमाबाई असती तर तिने तो चौघांकडून वाचून घेऊन, पदराला बांधून, स्वतःच्या हाताने आगारात नेऊन दिला असता. तिने डोळे पुसले आणि त्याचा हात मागे सारला.

"देवाजीभाऊ," ती म्हणाली, "उद्या तुमीच देऊन या."